खान्देशात घर बांधताय? राखेची वीट, छतावरचं सोलर, गाडीचं चार्जिंग: कोणतं काम कधी ठरवायचं

आपल्याकडे सोलरचा विचार साधारण वास्तुशांतीनंतरच्या पहिल्या मे महिन्यात सुरू होतो. कूलर, फ्रिज, एसी सगळं लागलेलं असतं, बिल हातात पडतं आणि मग सोलरवाल्याला फोन जातो. तो गच्चीवर चढतो तेव्हा पाण्याची टाकी नेमकी दक्षिणेला असते, जिन्याची खोली तिला चिकटून, आणि वॉटरप्रूफिंग नुकतंच झालेलं असतं. आता स्ट्रक्चरसाठी, म्हणजे पॅनल धरणाऱ्या लोखंडी सांगाड्यासाठी, त्याच छताला भोकं पाडायची. वायर मीटरपर्यंत न्यायला पाइप नाही, म्हणून नव्याकोऱ्या रंगावरून केसिंग-पट्टी खाली येते.

ही सगळी कामं स्लॅब पडायच्या आधी ठरवली तर त्यांना खर्च जवळपास नाही. नंतर प्रत्येकाचे पैसे लागतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पहिल्यांदाच घर बांधणाऱ्याने काय, कधी आणि कोणाला विचारायचं, ते बांधकामाच्याच क्रमाने सांगतो. जुन्या घरावर फक्त सोलर लावायचं असेल तर सरळ ‘छत आधी थंड करा’पासून वाचा.

भिंत कशाची?

भुसावळजवळ दीपनगरला कोळशावर वीज तयार होते आणि त्या कोळशाची राख निघते. ती वाऱ्यावर उडाली की आजूबाजूच्या गावांना त्रास, पण सिमेंट किंवा चुन्याबरोबर साच्यात दाबली की चांगली वीट होते. हिला भट्टी लागत नाही. लाल विटेसाठी शेतातली वरची माती खरवडावी लागते आणि भट्टी पेटवावी लागते; राखेच्या विटेला फक्त दाब आणि पाणी पुरतं. कडा सरळ असल्याने प्लास्टरही कमी लागतं.

मात्र राखेची वीट म्हटली की सगळ्या सारख्या नसतात. घाईत बनवलेली, पुरेसं पाणी न मारलेली वीट ट्रॅक्टरमध्ये भरून साइटवर येते, भिंत उभी राहते आणि वर्षभरात प्लास्टरवर बारीक तडे दिसतात. लोक मग राखेला नावं ठेवतात. दोष बहुतेक वेळा अपुऱ्या पाण्याचा असतो. म्हणून माल उतरवण्याआधी या गोष्टी बघा.

विटा कधी पाडल्या ते विचारा. पाडून तीन-चार आठवडे झालेले हवेत आणि त्यातले निदान दोन आठवडे पाणी मारलेलं हवं. दोन विटा एकमेकींवर आपटा. टणटणीत आवाज यायला हवा. नखाने किंवा खिळ्याने ओरखडा काढा, भुकटी पडायला लागली तर गाडी परत पाठवा. खरी परीक्षा मात्र वजनाची. एक पूर्ण कोरडी वीट किराणा दुकानाच्या काट्यावर तोला, रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, सकाळी बाहेर काढून फडक्याने पुसा आणि पुन्हा तोला. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती वीट घेऊ नका. भारतीय मानकाची मर्यादा तेवढीच आहे. म्हणजे ३ किलोची वीट सकाळी ३ किलो ६०० ग्रॅमच्या आत भरली पाहिजे. दुकानदार हसेल, हसू द्या.

दुसरा पर्याय एएसी, म्हणजे हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकचा. तो लाल विटेच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश वजनाचा असतो आणि आतल्या बारीक हवेच्या पोकळ्यांमुळे उष्णता कमी आत सोडतो. पण तो नेहमीच्या जाड मसाल्यात बसवायचा नसतो. त्याचा तयार पातळ मसाला मिळतो, थर ३ मिलिमीटरच्या आसपास. आणि ब्लॉक जिथे कॉलम-बीमला भिडतो, तिथे प्लास्टरआधी जाळी लावावीच लागते. गवंड्याने हे काम आधी केलेलं आहे का, हे ब्लॉकचा भाव विचारण्याआधी विचारा. नसेल तर राखेची वीट बरी. तिचं काम गवंड्याच्या हाताला ओळखीचं असतं.

माझं मत विचाराल तर सगळं घर एकाच वस्तूचं करायचा हट्ट नको. आपला खरा शत्रू पश्चिमेची भिंत. दुपारी दोनपासून मावळतीपर्यंत ती तापते आणि रात्री अकरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. तेवढी एक भिंत ८ इंची ब्लॉकची करा, बाकी घर राखेच्या विटेचं चालेल. त्याहून स्वस्त उपाय नकाशातच आहे: जिना, संडास-बाथरूम, कोठी पश्चिमेला टाका, झोपायची खोली नको. वास्तूवाल्यांशी यावरून दोन शब्द होतील, पण मे महिन्यात त्या खोलीत ते झोपणार नसतात.

काळ्या जमिनीवर घर असेल तर पायाच्या खर्चात हात आखडू नका. कापसाची काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, आणि वीट कितीही चांगली असली तरी भिंत तडकते. पायाची खोली, मुरमाची भर आणि प्लिंथ (जोत्याचा) बीम हे इंजिनिअरकडून ठरवून घ्या.

सिमेंट आणि पाणी

पीपीसी सिमेंट घ्या. त्यातही राखच असते, १५ ते ३५ टक्के. घरबांधणीला ते उत्तम चालतं, फक्त ताकद सावकाश धरतं. म्हणून सेंट्रिंग घाईने काढायचं नाही आणि पाणी जास्त दिवस मारायचं. अशा सिमेंटला किमान १० दिवस सांगतात. आपल्या कोरड्या उन्हात १४ धरा. ज्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथे एप्रिलमध्ये स्लॅब टाकणं म्हणजे टँकरवाल्याची सोय. जमलं तर स्लॅब दिवाळीनंतर टाका. नाइलाज असेल तर काम पहाटे सुरू करा, संध्याकाळपर्यंत ओलं गोणपाट अंथरा आणि दुसऱ्या दिवशी आळी बांधून पाणी साठवा. पाइपने दिवसातून दोनदा शिंपडलेलं पाणी तासाभरात उडून जातं.

स्लॅबच्या आदल्या आठवड्यात

या लेखातलं एवढं जरी केलंत तरी पुष्कळ झालं. ठेकेदार म्हणेल, “भाऊ, सोलरचं नंतर बघू, आता स्लॅब पडू द्या.” ऐकू नका. पॅनल दोन वर्षांनी लावा, पण जागा आज ठरवा.

पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली गच्चीच्या उत्तर बाजूला न्या. आपण २१ अक्षांशाच्या आसपास आहोत. हिवाळ्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, आणि दक्षिणेच्या टाकीची सावली पॅनलवर लांब पडते. पॅनल एकामागोमाग एक जोडलेले असल्याने एकावर पडलेली सावली बाकीच्यांचंही उत्पादन खाते. दक्षिणेला शेजाऱ्याचा निंब असेल तर तो आजच किती उंच आहे आणि अजून किती वाढणार, याचा अंदाज घ्या.

३ किलोवॉटला हल्लीचे ५४० वॉटच्या आसपासचे सहा पॅनल लागतात. मधे चालायला, पुसायला जागा धरून २५० ते ३०० चौरस फूट मोकळी ठेवा. त्या जागेत, शक्यतो कॉलम-बीमच्या वर, स्ट्रक्चरच्या पायांसाठी छोटे पेडेस्टल, म्हणजे काँक्रीटचे ठेंगणे खांब, स्लॅबबरोबरच ओतून घ्या आणि त्यात बोल्ट सोडा. वॉटरप्रूफिंग त्यांच्या भोवतीने होईल, नंतर ड्रिल लागणार नाही.

गच्चीपासून मीटरच्या जागेपर्यंत दीड-दोन इंची एक रिकामा पाइप भिंतीत टाका, आत ओढायला तार ठेवा. तसाच एक पाइप मीटरपासून गाडी लावायच्या जागेपर्यंत. अर्थिंगच्या तीन खड्ड्यांसाठी अंगणात जागा धरा: एक पॅनल-स्ट्रक्चरचा, एक इन्व्हर्टरचा (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा), एक आभाळातली वीज जमिनीत नेणाऱ्या सळईचा. फरशी बसल्यावर हे खड्डे खणायला कोणाचं मन होत नाही.

आता घरात ज्यावरून वाद होतो तो मुद्दा: स्ट्रक्चर किती उंच? गच्ची ही आपल्याकडे अर्धी बाईची आणि अर्धी झोपणाऱ्यांची. पापड, कुरडया, बिबडे सगळं तिथेच वाळतं. ७-८ फूट उंच स्ट्रक्चर केलं तर खालची जागा मोकळी राहते आणि पॅनलच्या सावलीने स्लॅबही कमी तापतो. पण वाळवणाला तर ऊनच हवं, आणि उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्याला डोक्यावर आभाळ हवं असतं. शिवाय उंच स्ट्रक्चर म्हणजे वाऱ्यासमोर धरलेलं शीड. पावसाळ्याआधीची आपली वादळं रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा कशा आडव्या करतात हे वेगळं सांगायला नको. उंची हवी असेल तर जाड गरम-गॅल्व्हनाइज्ड लोखंड, तिरपे आधार आणि पेडेस्टलमधले बोल्ट हे तिन्ही हवेत. नुसते सिमेंटचे ठोकळे ठेवून चालणार नाही. मला विचाराल तर दक्षिणेचा अर्धा भाग पॅनलला द्या, उत्तर-पूर्वेचा अर्धा वाळवणाला आणि गाद्यांना.

छत आधी थंड करा

धाब्याच्या घरात राहिलेल्यांना माहीत आहे, वरचा मातीचा जाड थर दुपार आत येऊ देत नाही. सिमेंटच्या उघड्या स्लॅबला ते जमत नाही. मे महिन्यात दुपारी तीनला गच्चीवर अनवाणी पाऊल ठेवून बघा.

उपाय स्वस्त आहे: छत पांढरं करा. वॉटरप्रूफिंग आणि उतार झाल्यावर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा थर बसवला तर वर्षानुवर्षं टिकतो. ते बजेटमध्ये नसेल तर ऊन परतवणारा पांढरा रंग, आणि तेही नको असेल तर दर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात. चुना पावसात धुऊन जातो हे गृहीत धरा. खालच्या खोलीतला फरक पहिल्याच संध्याकाळी कळतो. पॅनल मागच्या बाजूनेही प्रकाश घेणारे, म्हणजे बायफेशिअल असतील तर पांढऱ्या छतावरून परतलेला उजेड त्यांनाही मिळतो. म्हणून क्रम असा: वॉटरप्रूफिंग, पांढरं छत, मग पॅनल.

सोबत पंखे बदला. जुना पंखा ७५ वॉटचा, कमी विजेवर चालणारा नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपासचा. आणि कूलरला कमी लेखू नका. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्याने पाऊस सुरू होईपर्यंत कूलर झकास चालतो. २०० वॉटचा कूलर १० तासांत २ युनिट खातो. दीड टनाचा एसी रात्रभरात ८-१० युनिट सहज घेतो. दोन किलोवॉट पुरेल की तीन लागेल, हे बहुतेक वेळा या एका निर्णयावर ठरतं.

किती किलोवॉट?

सोलरवाल्याने सांगितलं म्हणून नव्हे, बिलाने सांगितलं म्हणून ठरवा. महावितरणच्या बिलावर मागच्या १२ महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो सगळा मिळवा. समजा बेरीज २४०० आली, म्हणजे महिन्याला सरासरी २०० युनिट. आपल्याकडे १ किलोवॉट दिवसाला साधारण ४ युनिट देतं, महिन्याला १२०. म्हणजे २ किलोवॉट पुरे. पुढे विजेची स्कूटर किंवा इंडक्शन येणार असेल तर ३ घ्या. नव्या घराला जुनं बिल नसतं. तिथे आधीच्या घराचं बिल घेऊन त्यात नव्या वस्तूंचे युनिट मिळवा.

एक गोष्ट विक्रेते क्वचित सांगतात. जास्तीचे युनिट ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला जातात आणि पुढच्या महिन्यांत वळते होतात, हे खरं. पण हा हिशेब ३१ मार्चला बंद होतो. उरलेले युनिट वीज कंपनी ठरलेल्या दराने विकत घेते, आणि तो दर तुम्ही विजेला मोजता त्याहून बराच कमी असतो. आपला मोठा वापर कधी? एप्रिल, मे, जून. म्हणजे थंडीत साठवलेले युनिट ऐन कूलरच्या तोंडावर निघून जातात. हिवाळ्याच्या शिलकीवर उन्हाळा काढू, असा हिशेब मांडून मोठी सिस्टिम घेऊ नका.

दुसरा गैरसमज उन्हाचा. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हे अर्धंच खरं. पॅनलची छापील क्षमता २५ अंशांना मोजलेली असते. मे महिन्यात हवा ४४ अंश असताना पॅनलचा पृष्ठभाग ६५-७० पर्यंत जातो. दर वाढत्या अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे भर दुपारी १५ टक्क्यांच्या आसपास गेलं. टॉपकॉन या नव्या प्रकारच्या पॅनलमध्ये ही घट थोडी कमी, ०.३० च्या जवळ. भुसावळसारख्या गावात हा फरक मोजण्याजोगा आहे. पॅनलखालून वारा खेळता राहील एवढी उंची तरी ठेवाच. पत्र्याला चिकटवून बसवलेला पॅनल भाजून निघतो.

अर्ज आणि अनुदान

घरगुती छतासाठी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना आहे. अनुदान पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे २ किलोवॉटला ६०,०००, आणि ३ किंवा त्याहून कितीही मोठ्या सिस्टिमला जास्तीत जास्त ७८,०००. पैसे काम पूर्ण झाल्यावर तुमच्या खात्यात येतात, म्हणून आधी विक्रेत्याची पूर्ण रक्कम उभी करावी लागते. बँका यासाठी कर्ज देतात.

अर्जाच्या आधी बिलावरचं नाव बघा. गावात निम्मी मीटरं अजून आजोबांच्या नावावर असतात. बिल, आधार आणि बँक खातं एका माणसाचं नसेल तर गाडी तिथेच अडते. आधी नावात बदल करून घ्या. बांधकामासाठी घेतलेलं तात्पुरतं मीटरही चालत नाही, घरगुती कायम जोडणी हवी.

मग योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी, अर्ज, आणि तिथल्याच यादीतून विक्रेता निवडायचा. १० किलोवॉटपर्यंत तांत्रिक तपासणीची वेगळी मंजुरी लागत नाही. विक्रेता कोण हे ठरवताना भावाच्या आधी त्याने तुमच्या तालुक्यात दोन वर्षांपूर्वी लावलेलं एखादं घर बघायला मागा. वादळात काय झालं, बिघाडाला माणूस किती दिवसांत आला, हे त्या घरातल्यांना विचारा.

कोटेशनमध्ये हे लिहून घ्या: पॅनल डीसीआर, म्हणजे भारतात बनवलेल्या सेलचे, नाहीतर अनुदान नाही. इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षं. पाच वर्षांची देखभाल कोण करणार. नेट मीटरचा, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरचा, पाठपुरावा कोणाकडे. शेवटचा मुद्दा तोंडी ठेवला तर महावितरणच्या सबडिव्हिजन ऑफिसच्या चकरा तुमच्या.

बसवताना उभे राहा

पॅनल दक्षिणेकडे, तिरप १५ ते २० अंश. प्रत्येक पॅनलमागचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक जुळवा. पॅनल-स्ट्रक्चर, इन्व्हर्टर आणि आभाळातल्या विजेची सळई, तिन्हींचे अर्थिंग वेगवेगळे झाले का बघा, खड्डे बुजवायच्या आधी फोटो काढा. इन्व्हर्टर उन्हात किंवा पश्चिमेच्या भिंतीवर लावू देऊ नका.

साधी ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेली बिनबॅटरीची सिस्टिम लाइट गेली की बंद पडते, भर उन्हातसुद्धा. तो बिघाड नाही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती तशीच बनवलेली असते. लाइट फार जात असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, पण खर्च बराच वाढतो. पंखे-दिव्यांपुरता घरातला जुना बॅटरीवरचा इन्व्हर्टर बहुतेक घरांना पुरतो.

पॅनल पुसायचे ते सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोअरचं जड पाणी पांढरे डाग सोडतं, म्हणून ते सुकू न देता मऊ वायपरने ओढून घ्या.

आता गाडी

हे थोडक्यात. साधारण विजेची स्कूटर १०० किलोमीटरला ३ युनिट घेते. जळगाव-भुसावळ अपडाऊन करणाऱ्याला रोजचे दीड-पावणेदोन युनिट, म्हणजे अर्ध्या किलोवॉटहूनही कमी सोलर. मीटरपासून टाकलेल्या त्या रिकाम्या पाइपातून ४ चौरस मिलिमीटरची वायर ओढा, १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारा ब्रेकर आणि चांगली अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्डावर रात्रभर चार्जिंग नको.

बॅटरी एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाच्या सुधारित नियमांत बसते का, हे विचारा. दुपारी उन्हातून आल्याआल्या चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत थांबू द्या. आणि ताशी २५ किलोमीटर वेगाच्या, नोंदणी न लागणाऱ्या गाड्या गावातल्या गावात ठीक. महामार्गावर ट्रकच्या बाजूने त्या नेऊ नका.

पहिलं बिल

नेट मीटर बसल्यावर बिलावर दोन आकडे आले पाहिजेत: घेतलेले युनिट आणि दिलेले युनिट. बिल शून्य येत नाही. स्थिर आकार द्यावाच लागतो, तेव्हा घाबरू नका. पण दिलेल्या युनिटचा रकानाच रिकामा असेल, तर नेट मीटरची नोंद बिलिंगमध्ये चढलेली नाही. मीटरच्या पडद्यावरच्या दोन्ही आकड्यांचा तारखेसह फोटो आणि इन्व्हर्टरच्या ॲपवरचं महिन्याचं उत्पादन घेऊन त्याच आठवड्यात सबडिव्हिजनला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.